फेब्रुवारीचं पान

(चहाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागतं. मिरजगाव, हमरस्त्यापासून जरा आत, दोन खोल्यांचं घर. जानेवारी संपायला चार दिवस उरलेत. चांगुणा आणि नगरहून आलेली निकिता, दोघीही मघापासून गप्प आहेत. पाच वर्षांचा ओम उंबऱ्यावर पाहुणीच्या चपला स्वतःच्या पायात घालून बघतोय. चांगुणाला वाटतं, बरं झालं, घरात काहीतरी बोललं.)

चांगुणा : उतू जाईल. बसा तुमी, मी आले.

निकिता : राहू द्या ना चहा, चांगुणाताई. मी निघताना घेतला होता.

चांगुणा : नगरात घेतला आसंल. त्याला झाले की दोन तास. तुमाला बिनसाखरेचा लागतो न्हवं?

निकिता : तुमच्या लक्षात आहे?

चांगुणा : दवाखान्यातलं समदं ध्यानात हाय. कुठल्या खाटंवर कोन हुतं, कुनाच्या डब्यात काय हुतं. त्याच्या फुडचं न्हाई ऱ्हात.

निकिता : द्या, मी गाळते.

चांगुणा : नगं. हाताला काम आसूंद्या. ओम, मॅडमच्या चपला काढ पायातल्या.

ओम : मी उंच झालो, मम्मे.

चांगुणा : झाला तेवढा बास.

निकिता : काल तुमचा फोन आला तेव्हा मी दचकले. इतक्या महिन्यांत तुम्ही कधी आपणहून फोन केला नव्हता.

चांगुणा : करावा लागला. तुमच्या मसाला कंपनीची मानसं आली हुती परवा. छोटा हत्ती टेम्पो घेऊन.

निकिता : आमचे सेल्समन.

चांगुणा : आसारामच्या दुकानात तुमचं कॅलेंडर हाय. त्यांनी ते खाली घेतलं, फेब्रुवारीचं पान वर काढलं, माझ्या मोनीच्या तोंडावर काळ्या मसाल्याच्या पाकिटाचं चित्र चिटकवलं, वरनं मूठ फिरवली आन् परत जानेवारीचं पान वर करून खिळ्याला टांगलं. मी तिथंच हुते. तेलाची पिशवी हातात.

निकिता : तुमच्या समोर?

चांगुणा : त्यांना काय ठाव मी कोन. मला म्हनले, मावशी जरा सरका.

निकिता : अरे देवा. चांगुणाताई, त्यासाठीच आले मी. माफी मागायला. हे असं तुम्ही कधीच बघायला नको होतं. उलट तुम्हाला काही बघावं लागू नये म्हणूनच चाललंय सगळं. नानांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी सांगितलं, एक तारखेला पान उलटायच्या आत सगळ्या दुकानांत पट्टी लागली पाहिजे. नाहीतर फेब्रुवारीभर जिथं जाल तिथं तुमच्या समोर मोनिका. दुकानात, हॉटेलात, पिठाच्या गिरणीत. आई आहात तुम्ही. कसं सोसणार?

चांगुणा : माफी नगं. पट्ट्या थांबवा.

निकिता : काय?

चांगुणा : चार दिस ऱ्हायलेत. तेवढ्यासाठी फोन केला मी. बाकीच्या दुकानात लावू नगा. माझी पोर झाकू नगा. चहा घ्या. थंड हुतोय.

ओम : मम्मे, बिस्कीट.

चांगुणा : एकच. आन् बाहीर जाऊन खा, मुंग्या हुत्यात.

निकिता : मला वाटलं, तुम्ही चिडून फोन केलात. मी गाडीत सगळं पाठ करून आले होते, काय काय बोलायचं ते.

चांगुणा : चिडाया काय झालं. तुमी वाईट काय केलं? फुकट आपरेशन केलं. जाया-यायचं भाडं दिलं. काळजाला भोक आसलेली पोर घेऊन आलते, आन् ती चालत घरी आली.

निकिता : हो, पण...

चांगुणा : पन काय? तीन म्हयने चालली, पळली. फुगडी खेळली. फुगडी घालताना मी मोजायचे, आता दमंल, आता दमंल. न्हाई दमायची. तेवढं तुमच्यामुळंच.

निकिता : थांबा, मी एक आणलंय. गाडीत होतं, सकाळीच स्टुडिओतून घेतलं. हा बघा. तोच फोटो, मोठा करून, फ्रेम घालून. दुकानातलं कॅलेंडर कशाला बघायचं? हा घरी लावा. तुमच्या हक्काचा.

चांगुणा : लई भारी काच हाय.

निकिता : आवडला ना?

चांगुणा : ह्याला हार घालावा लागंल, मॅडम.

निकिता : तसं काही नाही, नुसता लावला तरी...

चांगुणा : लाकडाच्या चौकटीतला फोटू भिताडाला लागला की सासूबाई हार आनत्यात. मंग उदबत्ती. मंग आलं-गेलं कुनीबी बघून म्हनतं, हीच का ती, गेली ती. आमच्यात पद्धत हाय ती. तुमच्यातबी आसंल.

निकिता : आहे.

चांगुणा : कॅलेंडरावरच्याला कोन हार घालत न्हाई. तिथं ती बारा पोरांतली एक हाय. कोनबी डायवर चहा प्यायला थांबतो, तारीख बघतो, म्हनतो काय गोड हसती पोरगी. त्याला काय ठाव? त्याच्यासाठी ती हायेच. तेवढं एक मला पायजे. आठ्ठावीस दिस.

निकिता : तुम्ही रोज जात होता का दुकानात?

चांगुणा : जायचे की. मीठ आनाया, काडीपेटी आनाया. आसाराम लई भला मानूस. मी गेले की तो निसता मान हालवायचा. मी पान उचलायचे, बघायचे, परत खाली सोडायचे. त्याच्या दुकानातल्या कागदाची कड काळी झाली माझ्या बोटानं. आमच्या घरात एवढ्या मिठाचं काय करायचं म्हनून वैतागल्यात सासूबाई.

निकिता : घरी होतं की एक. दिवाळीला आम्ही सगळ्या मुलांकडं पाठवलं होतं, लाडवाच्या डब्याबरोबर.

चांगुणा : ते ओमच्या पप्पांनी गुंडाळून नेलं. कुठं ठिवलं न्हाई सांगत. मोबाईलातले बी समदे पुसले त्यांनी. एका रात्रीत. बघवत न्हाई म्हनले. आता टेम्पोवर गेले की चार चार दिस येत न्हाईत. त्यांच्या हिशोबानं तेच बरं.

निकिता : अजिनाथभाऊंना विचारलंत का, या पट्टीचं?

चांगुणा : न्हाई. ते हू म्हनतात निसतं. कशालाबी.

ओम : मॅडम.

निकिता : काय रे बाळा?

ओम : माझा पन फोटू काढा ना कॅलेंडरला.

निकिता : तुझा? तुझा नको.

ओम : का? मी हसतो चांगला. हे बघा.

निकिता : अरे, त्या कॅलेंडरवर येण्यासाठी ना... तुला काही झालेलं नाही ना, म्हणून.

ओम : मला बी हुईल की.

चांगुणा : ओम! बाहीर जा म्हनलं ना.

ओम : बाहीर ऊन हाय.

चांगुणा : मंग तिथं दाराशी बस. तोंड मिटून बस.

निकिता : रागवू नका त्याला. लहान आहे. चांगुणाताई, मी तुम्हाला खरं सांगते, हे माझ्या एकटीच्या हातात नाही. कॅलेंडर म्हणजे आमच्या घरात देवाच्या खालोखाल. रंगुबाई, आमच्या आजेसासूबाई, डंकावर मिरच्या कांडून मसाला विकायच्या. त्यांचाच शब्द होता, देवादिकांची चित्रं लोकांच्या घरात आहेतच, आपण पोरं लावायची. आपल्या मसाल्याच्या पैशावर ज्यांची ऑपरेशनं झाली, ती. महिन्याला एक. बरी झालेली.

चांगुणा : व्हय. बरी झालेली.

निकिता : त्यामुळं नानांना वाटतंय, आपण नियम मोडला.

चांगुणा : मोनीनं मोडला.

निकिता : असं नका हो म्हणू.

चांगुणा : वाईट वाटून न्हाई बोलले. वाईट वाटायचं कवाच थांबलंय. हिथं, छातीत, कापूस भरल्यागत झालंय. दाबलं तरी कळत न्हाई. तो फोटू बघते तवा तेवढं जरा टोचतं. म्हनून जाते. तुमाला ठाव हाय का ती कशाला हसतीया त्यात?

निकिता : माहिती आहे की! मीच काढलाय तो. आजींच्या पुण्यतिथीला सगळ्या मुलांना कारखाना दाखवायला नेलं होतं, ऑगस्टमध्ये. मिरची दळायच्या खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलं आणि एकजात सगळी पोरं शिंकायला लागली.

चांगुणा : मोनी तर शेठच्या कडंवर हुती.

निकिता : आणि ती अशी शिंकली की नानांची टोपीच उडाली! ते खाली वाकले टोपी उचलायला, तर तेही शिंकले. तेव्हा ती हसली. मी फक्त बटण दाबलं.

चांगुणा : त्याच्या आधी तिला मोठ्यानं हसाया दमच पुरायचा न्हाई. हसाया लागली की ओठ निळं व्हायचं. आमीच म्हनायचो, हसू नगं गं. आठ वर्सं पोरीला हसू नगं म्हनलं मी. जलमात एकदा मन भरून हसली ती, आन् तेवढ्यावरच तुमी पाकीट लावलं. आनखी एक सांगू? कुनाला सांगितलं न्हाई.

निकिता : सांगा ना.

चांगुणा : तुमी ते पिवळं कार्ड दिलं हुतं घरी येताना. ताप आला की लगेच ह्या नंबरावर फोन करा. कसलाबी ताप. मी भिताडाला लावलं हुतं, त्या तिथं, डाग दिसतोय बघा चिकटपट्टीचा. आन् शेजारीच कॅलेंडर. मोनीनं तीन म्हयने आधीच फेब्रुवारी वर काढून ठिवला हुता. समद्या गल्लीला दावायची. गुरुवारी तिला ताप आला.

निकिता : आणि शुक्रवारी तुम्ही...

चांगुणा : शुक्रवारी न्हाई. रविवारी नेली मी नगरला. तीन दिस निसत्या गोळ्या दिल्या.

निकिता : का पण? आम्ही रात्री-अपरात्री गाडी पाठवली असती.

चांगुणा : ठाव हुतं मला. म्हनून तर. कार्ड वाचायचे, फोन हातात घ्यायचे, आन् बाजूला कॅलेंडर. त्यात मोठ्या अक्षरात लिवलेलं, मोनिका आता ठनठनीत. शेठनी स्टेजवर तिला उचलून हजार लोकांपुढं सांगितलं हुतं, ही पोर आता ठनठनीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावोगाव छापून गेलं. आन् मी फोन करून काय सांगू? तुमचं छापलेलं खोटं निघालं? इतकं केलं त्या मानसांनी, आन् आमी परत दारात हुबं, परत द्या म्हनून. ओमच्या पप्पांनाबी तसंच वाटलं. म्हनले, साधा ताप आसंल, सारखं सारखं काय मागायचं.

निकिता : आम्ही काही म्हणालो नसतो हो.

चांगुणा : तुमी न्हाई म्हनला नसता. आमालाच भीड पडली.

निकिता : मीसुद्धा एक सांगू?

चांगुणा : सांगा की.

निकिता : ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला फोन करायचा, असं आमचं ठरलेलं आहे. ते काम माझं. वहीत नावं असतात, फोन केला की नावापुढं खूण करायची. नोव्हेंबरच्या वीस तारखेला मी फोन केले नाहीत. नुसत्या खुणा केल्या. सगळ्यांपुढं. मोनिकाच्याही.

चांगुणा : वीस तारीख म्हंजी...

निकिता : गुरुवार.

चांगुणा : व्हय. गुरुवारच हुता.

निकिता : माझ्या आरतीला ताप होता त्या दिवशी. मोनिकाच्याच वयाची आहे माझी. मी दोन दिवस तिच्या उशाशी बसून होते. वही मांडीवर होती. म्हटलं, सगळी मुलं बरीच आहेत, करू पुढच्या महिन्यात.

चांगुणा : ...

निकिता : मी हे घरी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही काहीतरी बोला ना. शिव्या द्या.

चांगुणा : बरी झाली का?

निकिता : कोण?

चांगुणा : तुमची पोरगी.

निकिता : झाली. दोनच दिवसांत.

चांगुणा : बरं झालं.

निकिता : मी फोन केला असता तर...

चांगुणा : केला आसता तर मी म्हनले आसते, बरी हाय, खेळती हाय. मला ठाव हाय ना मी. रडू नगा. कपात पडतंय.

निकिता : सॉरी.

चांगुणा : तुमाला रडू येतं ते बरं हाय. पट्ट्यांचं काय ते बोला.

निकिता : नानांना फोन लावते. तुमच्यासमोर लावते. नेट आहे ना इथं?

चांगुणा : दाराजवळ येतं.

निकिता : सरक रे ओम जरा. हॅलो, नाना? ऐकू येतंय का?

सहादेवराव : अरे ती मशीन बंद करा दोन मिनिटं! हां, बोल निकिता. पोचलीस का? काय म्हणतात त्या बाई? हे बघ, काही मागितलं तर सरळ हो म्हणून टाक. पोराचं शिक्षण म्हणा, काहीही. घासाघीस करायची नाही.

निकिता : नाना, स्पीकरवर आहे.

सहादेवराव : आं?

निकिता : चांगुणाताई ऐकतायत.

सहादेवराव : नमस्कार, ताई. माफ करा. मला बोलायला तोंड नाही. म्हणून तर सुनेला पाठवलं.

चांगुणा : नमस्कार शेठ. एकच मागायचंय.

सहादेवराव : सांगा की.

चांगुणा : पट्ट्या थांबवा.

सहादेवराव : ताई, ते तुमच्यासाठीच करतोय आम्ही.

चांगुणा : माझ्यासाठी आसंल तर नगं म्हनते मी. मिटलं.

सहादेवराव : ताई, खरं सांगतो, एकट्या तुमच्यासाठी नाही. जामखेडकडच्या एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर टाकलं, गेलेल्या लेकराचा फोटो लावून हे लोक मसाला विकतात. पार पुण्यापर्यंत फिरलं ते. आमच्या आईनं तोंडाला फडकं बांधून मिरची कांडली हो, त्यातनं हा ट्रस्ट उभा राहिला. मला तीन दिवस घास गेला नाही.

चांगुणा : त्या मानसाला माझ्याकडं पाठवा. मी सांगते त्याला, माझ्या घरातबी तुमचाच मसाला हाय. पोरगी त्याच्याच कालवनात भाकर कुस्करून खायची. इका की मसाला. त्यातनंच दुसऱ्याची पोरं बरी व्हायची हायेत.

सहादेवराव : ते ठीक आहे. पण खाली काय छापलंय? ठणठणीत. मेलेल्या... माफ करा, ताई. तसं लिहिलेलं असताना ते पान मी दुकानात उघडं कसं राहू देऊ? खोटारडा ठरतो ना मी. बाराच्या बारा ओळी दरवर्षी मी स्वतः लिहितो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

चांगुणा : मंग अक्षरं झाका.

सहादेवराव : काय म्हणालात?

चांगुणा : अक्षरं तुमची हायेत, ती झाका. तोंड तिचं हाय.

निकिता : नाना, होऊ शकतं. ओळ खाली आहे, फोटोच्या बाहेर.

सहादेवराव : पट्टी केवढी आहे गं?

निकिता : पोस्टकार्डाएवढी. आडवी कापली तर दोन बोटं उंचीची होईल. बरोबर बसेल ओळीवर.

सहादेवराव : नुसतं नाव राहील मग.

निकिता : नाव वरच्या बाजूला आहे. ते राहील.

सहादेवराव : किती गावं झाली?

निकिता : कर्जत, मिरजगाव, जामखेड. उद्या श्रीगोंदा होतं, मग पारनेर, संगमनेर.

सहादेवराव : पोरांना फोन कर. आज जिथं असतील तिथंच थांबा म्हणावं. गाडीत कात्री ठेवा. झालेल्या गावांत नवीन कॅलेंडरं द्या, गोडाऊनला गठ्ठे पडलेत. पहिलीच्या आत. मी येतो स्वतः श्रीगोंद्याला.

निकिता : तुम्ही? गुडघा?

सहादेवराव : गुडघ्याचं राहू दे. ताई, आहात ना?

चांगुणा : हाय.

सहादेवराव : त्या दिवशी शिंकून झाल्यावर तुमच्या लेकीनं मला विचारलं होतं, शेठ, तुम्हाला रोज शिंका येत नाहीत का? मी म्हटलं, नाही बाळ, सवय झाली. तर म्हणाली, मग तुम्हाला वासच येत नसेल.

चांगुणा : तशीच हुती ती. आगाऊ.

सहादेवराव : बरोबर बोलली. ठेवतो. मशीन लावा रे.

निकिता : झालं, चांगुणाताई.

चांगुणा : झालं म्हंजी खरंच ना? एक तारखेला मी जाऊन बघीन.

निकिता : माझ्या गाडीत दहा कॅलेंडरं आहेत, पट्टी न लावलेली, आणि सुट्या पट्ट्याही. कात्री द्या, आत्ताच एक पट्टी कापते. एक घरी ठेवा.

चांगुणा : घरी नगं. आसारामला द्या. जाता जाता द्याल? डाव्या हाताला, रसवंतीच्या अलीकडं.

निकिता : मी घरी म्हणजे, आत कुठंतरी, पेटीत...

चांगुणा : घरी ती न्हाई. घरात ठिवलं तर मी दिसभर तेच घेऊन बसंन, आन् मंग तेबी टोचायचं बंद हुईल. दुकानात बरं हाय. उठून जावं लागतं. चप्पल घालावी लागती. तोंड धुवावं लागतं.

निकिता : आणि ही फ्रेम?

चांगुणा : ठिवा. आता न्हाई लावायची. वर्सानं बघू. सासूबाई येतील इतक्यात, त्यांना दावू नगा, पदराखालनं द्या हिकडं.

निकिता : हे बघा, कॅलेंडर आणि पट्टी आणली गाडीतून. कात्री?

चांगुणा : ती घ्या, शिलाई मशीनवरची. मोनीच्या फ्राकाला आनलेली, धार हाय अजून. सरळ कापा हां. वाकडं दिसाया नगं.

निकिता : तुम्हीच धरा ना दुसरं टोक. हां, असं. एवढं पुरे?

चांगुणा : जरा खाली. हनुवटी दिसूंद्या. हां. आता बसवा. हळू. बुडबुडा ऱ्हायला बघा तिथं.

निकिता : नखानं काढते. बघा आता. बरोबर आहे ना?

चांगुणा : दात पडलेला दिसतोय अजून. वरचा. मला वाटलं ते बी झाकतं का काय.

निकिता : नाही, दिसतोय. मी निघते मग. दुकान बंद व्हायच्या आत गाठते आसारामभाऊंना. आणि हे बघा, वीस तारखेचा माझा फोन येत राहील. ओमसाठी. काही नसलं तरी.

चांगुणा : ओमला काय झालंय?

निकिता : काही नाही. तरी करीन.

चांगुणा : करा. मी उचलीन. आन् बरं नसलं तर बरं न्हाई म्हनीन. ओम, मॅडम निघाल्या. चपला दे त्यांच्या.

ओम : ह्या घ्या. मम्मे.

चांगुणा : काय रं?

ओम : तू काल फोन लावला आन् मॅडम आज आल्या.

चांगुणा : व्हय. आल्या की.

ओम : मंग ताईला ताप आलता तवा का न्हाई लावला?